सहा जणांचं एक बॅरल: आंबट बिअर भरण्याआधी काय ठरवायचं

प्रश्न असा आहे: ओहायोत कोलंबसच्या आसपास राहणारे सहा मित्र घरी बिअर करतात. त्यांना एका डिस्टिलरीतून ५३ गॅलनचं, म्हणजे साधारण २०० लिटरचं, बर्बन व्हिस्कीचं रिकामं बॅरल मिळतंय. प्रत्येकाने पाच-पाच गॅलनच्या दोन बॅच करायच्या, सगळ्या एकत्र ओतायच्या आणि वर्षभराने आंबट बिअर वाटून घ्यायची, असा बेत आहे. त्यांना रेसिपी, यीस्ट आणि लागणारे महिने जाणून घ्यायचे आहेत.

या तिन्हींची उत्तरं देतेच, पण त्यांपैकी एकही तुमची खरी अडचण नाही. मी ओरेगनमध्ये पोर्टलंडजवळ राहते. आमच्या गटाचं पिनो न्वार या रेड वाइनचं जुनं बॅरल माझ्या तळघरात आहे आणि त्याची कारभारीण मी आहे. अशी सामायिक बॅरलं मी बरीच पाहिली. जी बिघडली ती रेसिपीमुळे क्वचितच बिघडली. सहा घरांची बिअर एकदा एका लाकडात गेली की कुणाची कुठली हे वेगळं करता येत नाही, आणि लोणच्याच्या बरणीत एकच ओला चमचा गेला तरी पुरतो, तसंच इथे होतं. तेव्हा रेसिपीच्या आधी ठरवायचं ते हे की भरायच्या दिवशी मित्राच्या तोंडावर ‘तुझी बॅच आत जाणार नाही’ असं कोण म्हणणार. त्या माणसाचं, म्हणजे कारभाऱ्याचं, नाव आजच ठरवा. मतदान ठेवू नका. मैत्रीत कुणी कुणाच्या बिअरविरुद्ध हात वर करत नाही.

बेल्जियममध्ये सेन नदीच्या खोऱ्यात ही व्यवस्था जुनी आहे. तिथे लॅम्बिकचे, म्हणजे हवेतल्या जंगली यीस्टवर आंबणाऱ्या बिअरचे, काही व्यावसायिक स्वतः वर्ट (यीस्ट घालण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) उकळतच नाहीत. टिल्कँ हा त्यांतला अलीकडचा. तो बून, लिंडेमान्स, जिरार्दँ, काँतियाँ अशा वेगवेगळ्या ब्रुअऱ्यांमधून वर्ट आणतो, आपल्या बॅरलांत मुरवतो आणि एक, दोन, तीन वर्षांचं लॅम्बिक मिसळून गझ नावाची बिअर बनवतो. वर्ट अनेकांचं, जीभ एकाची. तुम्हालाही तेवढंच जमवायचं आहे.

आता बॅरल. तुम्हाला मिळतंय ते बर्बनचं, हे महत्त्वाचं आहे. अमेरिकन कायद्याप्रमाणे बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावं लागतं, म्हणून डिस्टिलऱ्या एकदा वापरलेली बॅरलं विकून टाकतात आणि ती सहज मिळतात. पण नुकत्याच रिकाम्या झालेल्या अशा बॅरलात व्हॅनिला, नारळ, कोळसा आणि मुरलेली दारू हे सगळं जोरात असतं. हलक्या, आंबट बिअरला ते मानवत नाही. आंबटपणा एकीकडे ओढतो आणि व्हॅनिला दुसरीकडे. बरेच जण म्हणून पहिल्या भरणीला जड, काळी स्टाउट बिअर करतात, लाकडाचा जोर उतरवतात आणि मग आंबट बिअर भरतात. हा क्रम उलटा होत नाही. आंबट बिअरमधलं जंगली यीस्ट ब्रेटॅनोमायसीस, ज्याला आपण सगळे ब्रेट म्हणतो, ते लाकडात काही मिलिमीटर आत घर करतं. धुऊन, वाफ देऊन ते पूर्णपणे निघेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. त्यामुळे आंबट केलेलं बॅरल कायमचं आंबट समजायचं.

सहा जणांनी बारा बॅच जड स्टाउट करायची म्हणजे माल्टचा खर्च जवळजवळ दुप्पट. तेवढी तयारी नसेल तर दोन रस्ते आहेत. एक, बर्बनच्या बॅरलात गडद, फ्लँडर्सच्या वळणाची लाल-तपकिरी आंबट बिअर करा. तिच्या कॅरॅमल-मनुक्यांच्या चवीत थोडा व्हॅनिला खपून जातो. दुसरा, बर्बनचा नाद सोडा आणि वाइनचं जुनं बॅरल शोधा. तुमच्याकडे एरी सरोवराच्या काठाने वाइनरी आहेत. चार-पाच वर्षं वापरलेलं, चव जवळपास संपलेलं बॅरल त्यांच्या कामाचं राहत नाही, आपल्याला मात्र तेच हवं असतं. माझं मत विचाराल तर सहा जणांच्या पहिल्या प्रयत्नाला वाइनचं बॅरल. ते २२५ किंवा २२८ लिटरचं असतं, म्हणजे बिअर थोडी जास्त लागेल.

आणि लागणारच आहे, कारण तुमचा हिशोब मुळातच तोकडा आहे. सहा जणांच्या बारा बॅच, प्रत्येकी १९ लिटर, म्हणजे २२८ लिटर. कागदावर भरपूर वाटतात. पण प्रत्येक कार्बॉयच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या मोठ्या बरणीच्या, तळाशी गाळ राहतो, नळीत थोडी जाते, मोजायला थोडी जाते. बॅचमागे १७ लिटर हाती लागले तर नशीब समजा. म्हणजे २०४ लिटर. त्यातले काही लिटर कोरडं लाकूड पिऊन टाकतं. दोनशे लिटरचं बॅरल जेमतेम गळ्यापर्यंत येईल आणि वरून घालायला थेंब उरणार नाही. शिवाय एखादी बॅच नाकारायची वेळ आली तर कारभाऱ्यावर दडपण येईल की ‘जाऊ दे, ओता, नाहीतर बॅरल अर्धवट राहील’. म्हणून निदान दोन बॅच जास्तीच्या करा. वाइनच्या बॅरलासाठी चार. उरलेली बिअर काचेच्या बरण्यांत किंवा केगमध्ये, हवा न लागू देता, राखून ठेवा. लाकडातून वर्षाला चार-पाच टक्के सहज उडून जातात, कोरड्या हवेत जास्तच. ती जागा भरायला हीच बिअर लागते. बॅरलात वर रिकामी जागा म्हणजे हवा, हवा म्हणजे ॲसेटोबॅक्टर, आणि ॲसेटोबॅक्टर म्हणजे व्हिनेगर.

जागेचं आधी ठरवा. भरलेलं बॅरल पाव टनाच्या आसपास जातं. ते नंतर हलत नाही. गॅरेज सोयीचं वाटतं, पण ओहायोच्या उन्हाळ्यात बंद गॅरेज भट्टी होतं आणि जानेवारीत गोठतं. तळघर हवं, जिथे वर्षभर तापमान १५ ते २० सेल्सियसच्या मध्ये राहतं. रिकामं बॅरल खाली न्या, त्याच्या लाकडी घोडीवर ठेवा, आणि बिअर कार्बॉयमधून जिना उतरून आणा.

तळघर ज्याचं, बॅरल त्याचं असं होऊ देऊ नका. हे लिहून ठेवा. आपली माणसं इथे नोकरीमागे फिरतात. दोन वर्षांत सहांतला एक तरी टेक्सासला जाईल, कुणाच्या व्हिसाचं काही होईल, कुणी घर विकेल. जाणाऱ्याचा वाटा बाटल्यांत द्यायचा की पैशांत, बॅरल ज्याच्या घरी आहे तोच निघाला तर बिअर कार्बॉयमध्ये काढायची की दुसऱ्याच्या तळघरात, हे आधी बोलून घेतलं की नंतर मनात अढी राहत नाही. एका साध्या शीटवर तारीख, कुणी किती लिटर घातले, ग्रॅव्हिटी (बिअरची घनता, जिच्यावरून उरलेली साखर कळते) आणि खर्च एवढं पुरे.

कायद्याचं चटकन: अमेरिकेत १९७८च्या संघीय कायद्याने एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर स्वतःसाठी करता येते. विकता येत नाही, मित्राच्या मित्रालाही नाही. राज्याचे नियम वेगळे बघा. हे महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांना मात्र सांगायला हवं, की तिथे परवान्याशिवाय घरी मद्य करणं १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा फक्त वाचा.

आता रेसिपी. सहाही घरांनी एकच करा, पण ती एकसारखी चवीला उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. उतरायची गरजही नाही. लाकूड आणि वेळ बारीक फरक मिटवून टाकतात. पिल्सनर किंवा साधं पेल माल्ट साठ-सत्तर टक्के, बाकी व्हिएन्ना किंवा म्युनिक आणि थोडा गहू. लाल हवी असेल तर थोडं गडद कॅरॅमल माल्ट. मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवणं, ६८-६९ सेल्सियसला, नेहमीपेक्षा गरम. त्याने साध्या यीस्टला न पचणाऱ्या साखरा, म्हणजे डेक्स्ट्रिन, मागे राहतात, आणि पुढचं वर्षभर ब्रेट आणि जिवाणू त्यांच्यावरच जगतात. सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०५०च्या आसपास. हॉप्स फारच कमी, कडूपणा दहाच्या (आयबीयू या मापात) आत, कारण हॉप्सची आम्लं लॅक्टोबॅसिलस या आंबट करणाऱ्या जिवाणूला वाढू देत नाहीत. तुमच्यात एखादा आयपीएवाला, म्हणजे कडू, भरपूर हॉप्सच्या बिअरचा शौकीन, असेलच. त्याला बजावून सांगा.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन-क्लोरामीन घालवायला प्रत्येकाने कॅम्पडेनची गोळी वापरायचीच. का ते पुढे येतं.

यीस्टबद्दल मतं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाच्या मागे कारण आहे. काही जण सुरुवातीपासूनच मिश्र कल्चर घालतात: वायीस्टचं ३७६३ रोझेलारे किंवा व्हाइट लॅब्सचं ६५५, ज्यांत यीस्ट, ब्रेट आणि जिवाणू एकत्र असतात. आंबटपणा जास्त आणि लवकर येतो. पण बारा कार्बॉयमध्ये बारा वेगळ्या वेगाने ते चालतं आणि भरायच्या दिवशी कुठली बॅच बिघडलेली आणि कुठली नुसती अर्ध्या वाटेवर आहे हे ओळखता येत नाही. सामायिक बॅरलासाठी मी वेगळं करते. बहुतेकांनी एकाच साध्या, स्वच्छ एल यीस्टवर, यूएस-०५ चालेल, तीनेक आठवड्यांत पहिलं फर्मेंटेशन पूर्ण करायचं. फक्त दोन घरांनी आपापल्या एकेका बॅचमध्ये मिश्र कल्चर पहिल्या दिवसापासून घालायचं. त्या दोन बॅच बॅरलाचं बियाणं होतात. स्वच्छ बिअरची पारख सोपी असते, आणि इथे पारखच सगळ्यात महत्त्वाची आहे. याची किंमत म्हणून आंबटपणा सावकाश येतो, कारण मद्य तयार झाल्यावर आत आलेल्या जिवाणूंना जोर धरायला वेळ लागतो. पेडिओकॉकस हा दुसरा आंबट करणारा जिवाणू मात्र चिवट असतो. तो शेवटी काम करतोच.

मिश्र कल्चरवाल्या दोन घरांनी प्लास्टिकच्या नळ्या, बादल्या, रबरी बुचं वेगळी ठेवायची, त्यावर खूण करायची आणि ती साध्या बिअरला पुन्हा वापरायची नाहीत. काच आणि स्टील नीट घासून निर्जंतुक केलं तर चालतं.

भरायचा दिवस. कारभाऱ्याने सगळ्यांच्या नमुन्यांना नंबर द्यायला एका तिऱ्हाइताला सांगावं, म्हणजे कुठला कप कुणाचा हे त्यालाही कळत नाही. मग वास, मग चव, मग ग्रॅव्हिटी. नवशिक्यांची गल्लत होते ती इथे: जे दोष साध्या बिअरला मारक, ते सगळे या बिअरला मारक नसतात. लोण्याचा वास, म्हणजे डायअसिटिल, आला तर घाबरू नका. ब्रेट ते खाऊन टाकतं, पेडिओकॉकस तर पुढे स्वतःच ते तयार करणार आहे. ग्रॅव्हिटी थोडी जास्त राहिली असेल तरी उत्तमच, खाद्य वाढलं. हिरव्या सफरचंदाचा वास असेल तर अजून आठवडाभर कार्बॉयमध्ये राहू द्यायला सांगा.

पण बँडएडसारखा, औषधी प्लास्टिकचा वास आला तर ती बॅच आत जाऊ देऊ नका. तो क्लोरोफेनॉलचा वास, क्लोरीनच्या पाण्यातून येणारा. तो जिभेला इतक्या बारीक प्रमाणात कळतो की १७ लिटरची एक बॅच दोनशे लिटरमध्ये विरघळली तरी सगळं बॅरल तसंच लागू शकतं, आणि ब्रेट किंवा वेळ यांपैकी कुणीही तो निस्तरत नाही. आधीच व्हिनेगर झालेली, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखी वासाची, किंवा वर रंगीत केसाळ बुरशी आलेली बॅचही नाही. पांढरी, सुरकुतलेली साय आली असेल तर ती बुरशी नव्हे. मिश्र कल्चरच्या बॅचवर ती बहुधा येते. स्वच्छ यीस्टच्या बॅचवर आली तर ती बाजूला ठेवून काही आठवडे बघा. कधी तिच्यातला पाहुणा बॅरलापेक्षाही चांगला निघतो, पण ते समजेपर्यंत ती वेगळीच बरी. नाकारलेली बिअर ज्याची त्याने घरी न्यायची, आणि त्याचा बाटल्यांचा वाटा कमी करायचा नाही. एवढा एक नियम असला की कुणी वाद घालत नाही. आमच्या गटात हा नियम झाल्यापासून लोक स्वतःच सांगू लागले की ‘माझी जरा बघून घ्या’.

बॅरल सुकं असेल तर आधी फुगवावं लागतं. पंधरा-वीस लिटर गरम पाणी आत घालून, बूच लावून सगळीकडे फिरवा, मग एका तोंडावर काही तास उभं करा, मग दुसऱ्या. पाझर थांबेपर्यंत हे चालतं. ताजं, ओलं बर्बनचं असेल तर फारसं धुऊ नका, लवकर भरा. एक धोका मात्र सांगते. वाइनची बॅरलं रिकामी ठेवताना आत गंधकाची वात जाळतात, पण बर्बनच्या बॅरलात ती कधीही जाळू नका. आत मद्याची वाफ असते आणि ती पेट घेऊ शकते.

भरण्याआधी आत कार्बन डायऑक्साइड सोडा, नळी तळापर्यंत न्या, शिंतोडे उडू देऊ नका. तळाचा जाड गाळ कार्बॉयमध्येच राहू द्या. भोकाच्या काठापर्यंत भरा. सुरुवातीचे काही आठवडे एअरलॉक ठेवा, कारण हालचाल पुन्हा सुरू होते आणि फेस वर येतो. मग घट्ट सिलिकॉनचं बूच.

आणि मग हात बांधून बसायचं. सामायिक बॅरलाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे शनिवारी जेवायला आलेला पाहुणा, ज्याला तळघर दाखवायचं असतं. दर वेळी बूच काढलं की साय मोडते आणि हवा आत जाते. कॅलिफोर्नियाच्या रशियन रिव्हर ब्रुअरीच्या विनी सिलुर्झोने रूढ केलेली युक्ती वापरा: बॅरलाच्या समोरच्या तोंडाला, मध्याच्या जरा खाली, ७/६४ इंचाचं भोक पाडायचं आणि त्यात चार नंबरचा स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोकून ठेवायचा. खिळा काढला की बारीक धार कपात येते, परत ठोकला की बंद. वरचं बूच फक्त भर घालायला उघडायचं. पहिले तीन-चार महिने तर चाखूही नका. चव तेव्हा इतकी विस्कटलेली असते की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘वाया गेलं, ओतून टाकू’.

मधल्या काळात एक टप्पा असाही येतो, की बिअर कपात पडताना तेलासारखी, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरते. ते पेडिओकॉकसचं काम. किळसवाणं दिसतं, चव मात्र फारशी वाईट नसते. ब्रेटला काही महिने द्या, तार मोडते. व्हिनेगरची धार वाढू लागली तर मात्र थांबू नका. लगेच भर घाला, बूच आणि जोड तपासा, आणि तरी वाढत राहिली तर बिअर काचेत काढा. व्हिनेगर मागे फिरत नाही.

तर इथपर्यंतचा क्रम असा: कारभारी, जागा, लेखी वाटणी, बॅरलाची निवड, जास्तीच्या बॅच, पारख, भरणी, आणि मग दुर्लक्ष.

किती महिने? तुमच्या तळघराच्या तापमानावर, कल्चरवर आणि किती खाद्य उरलंय यावर ते अवलंबून. बारा महिने ही तुमची अपेक्षा खालच्या टोकाला आहे; अठरा धरा. कॅलेंडरकडे न बघता तीन गोष्टी बघा. ग्रॅव्हिटी दोन-तीन महिने अजिबात हललेली नाही, बहुतेक १.००२ ते १.००६च्या मध्ये. पीएच ३.३-३.४च्या आसपास स्थिरावलाय. आणि कारभाऱ्याला, सकाळी, रिकाम्या तोंडाने, चव पूर्ण वाटते.

ग्रॅव्हिटीचा आग्रह हौसेचा नाही. बाटलीत ग्रॅव्हिटीचा एकेक अंश, म्हणजे ०.००१, उतरला की साधारण अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या निम्म्या आकारमानाइतका, वायू तयार होतो. चार अंश खाद्य शिल्लक असताना बाटल्या भरल्या आणि वर साखरही घातली, तर साधी बाटली फुटू शकते. जाड काचेच्या, शॅम्पेनच्या धर्तीच्या बाटल्या घ्या. वर्ष-दीड वर्ष मुरलेल्या बिअरमधलं यीस्ट थकलेलं असतं आणि विरघळलेला वायूही जवळपास निघून गेलेला असतो. साखरेबरोबर ताजं वाइनचं यीस्ट, ईसी-१११८ सारखं, पाण्यात भिजवून घाला. हिशोब करताना ‘बिअरमध्ये थोडा वायू असतोच’ हे नेहमीचं गृहीत सोडा.

वाटणीच्या दिवशी सगळं रिकामं करू नका. दोन तृतीयांश काढा आणि उरलेल्यावर नवी, स्वच्छ फर्मेंट केलेली बिअर भरा. दुसरी भरणी पहिल्यापेक्षा लवकर आणि बहुधा अधिक चांगली होते, कारण बियाणं आता तुमच्या तळघराला सरावलेलं असतं. त्यासाठी वाटणीच्या तीन आठवडे आधी सगळ्यांनी पुन्हा चुली पेटवायला हव्यात, म्हणजे बॅरल एक दिवसही अर्धवट राहणार नाही. भरणीच्या दिवशीची पारख दुसऱ्यांदाही करायचीच.

प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या बिअरचं त्याने काय करायचं ते त्याचं तो ठरवेल, इथे कारभाऱ्याचा हक्क संपतो. कुणी चेरी घालेल, लिटरमागे शंभर ते दोनशे ग्रॅम. कुणीतरी भारतीय दुकानातला हापूसच्या रसाचा डबा घालणार हे मी लिहून देते. चालेल, पण त्या डब्यात बहुधा वरून साखर असते. ती सगळी फर्मेंट होऊन ग्रॅव्हिटी पुन्हा स्थिर होईपर्यंत बाटली भरू नका, आणि गोडवा शिल्लक राहील ही आशा सोडा. राहतो तो वास. आमसुलं घालायचा विचार असेल तर आधी एका ग्लासात करून बघा. ती कधी मीठ लावलेली असतात, आणि या बिअरला आणखी आंबट करायची गरज क्वचितच असते.